अमेरिकेच्या आतल्या गोटातली चर्चा कशी वाचावी : राजकारण, माध्यमे आणि क्रीडाव्यवसाय यांत नव्याने डोकावणाऱ्यांसाठी

मे २०२४ मधल्या एका पहाटे मी एका मराठी वृत्तसंकेतस्थळासाठी रात्रपाळीत भाषांतर करत होते. अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष माइक जॉन्सन यांना हटवण्याचा खासदार मार्जोरी टेलर ग्रीन यांचा प्रस्ताव ‘टेबल’ झाला, असा मजकूर समोर आला आणि मी निःशंक मनाने ‘प्रस्ताव पटलावर ठेवण्यात आला’ असे लिहून मोकळी झाले. आपल्या विधिमंडळात कागद पटलावर ठेवला म्हणजे तो सभागृहासमोर आला. अमेरिकी काँग्रेसमध्ये मात्र ‘टेबल’ करणे म्हणजे प्रस्ताव बाजूला सारून निकालात काढणे. ३५९ विरुद्ध ४३ मतांनी तो प्रस्ताव गाडला गेला होता आणि माझ्या बातमीत तो नुकताच मांडला जात होता. चूक सकाळी एका वाचकाच्या लक्षात आली, माझ्या नव्हे.

त्यानंतर मी अमेरिकी सत्तेविषयीची वार्तापत्रे आणि पॉडकास्ट शिस्तीने ऐकू-वाचू लागले. कोणता खासदार कोणावर नाराज आहे, कोणत्या वाहिनीचा प्रमुख जाणार आहे, कोणत्या संघाचा मालक विकायला तयार झाला आहे, अशी ही चर्चा असते. ती रंजक असते, पण ऐकणाऱ्याला आधीचे सगळे ठाऊक आहे असे धरूनच बोलली जाते. मला ती समजू लागायला दीड-दोन वर्षे लागली. तुमचा तेवढा वेळ जाऊ नये म्हणून हा लेख.

सुरुवातीला हाताशी काय हवे

यातली बहुतेक साधने विनामूल्य आहेत आणि अमेरिकेबाहेरूनही उघडतात.

• संघीय निवडणूक आयोगाचे, म्हणजे एफईसीचे संकेतस्थळ : उमेदवार आणि राजकीय समित्यांचे जमाखर्च.
• रोखे आयोगाचा ‘एडगर’ हा संग्रह : शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे अहवाल.
• लॉबिंगच्या, म्हणजे अशिलाच्या वतीने सरकारदरबारी वजन वापरण्याच्या, तिमाही नोंदी : १९९५ च्या कायद्यानुसार अशिलाचे नाव, विषय आणि रक्कम जाहीर करावी लागते.
• संघीय न्यायालयांची ‘पेसर’ प्रणाली : दर पानाला १० सेंट आकारले जातात, पण तिमाहीत ३० डॉलरपर्यंतचा वापर माफ असतो. यातली बरीच कागदपत्रे ‘कोर्टलिसनर’वर फुकट मिळतात.
• काँग्रेसचे संकेतस्थळ : विधेयके आणि नावानिशी मतदान.
• एक जाड वही. तिच्याविषयी शेवटी सांगते.

१. आधी शब्दांचा हिशेब लावून घ्या

अमेरिकी इंग्रजीतले काही शब्द आपल्याला ओळखीचे वाटतात आणि तिथेच घात होतो. ‘सेक्रेटरी’ म्हणजे सचिव नव्हे, मंत्री. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ला मराठी वृत्तपत्रे प्रशासन म्हणतात, पण तिथे अर्थ अध्यक्षांचे सरकार असा असतो, कलेक्टर कचेरी असा नाही. राज्याचा ‘गव्हर्नर’ लोकांनी निवडून दिलेला असतो आणि त्याचे काम आपल्या मुख्यमंत्र्यासारखे असते. एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये तर संघाच्या वतीने मत देणाऱ्या मालकालाच ‘गव्हर्नर’ म्हणतात, त्यामुळे ‘गव्हर्नरांच्या बैठकीत नव्या संघांवर चर्चा’ या वाक्यात एकही राज्यपाल नसतो. आकड्यांचे सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा : मिलियन म्हणजे १० लाख, बिलियन म्हणजे १०० कोटी. इथे एक शून्य चुकले की पुढचा सगळा तर्क वाहून जातो.

२. नाव न घेता बोलण्याचे करार समजून घ्या

वॉशिंग्टनमध्ये वार्ताहर आणि त्याला माहिती देणारा माणूस बोलण्याआधी अटी ठरवतात. ‘ऑन द रेकॉर्ड’ असेल तर नाव आणि वाक्य दोन्ही छापता येते. ‘ऑन बॅकग्राउंड’ असेल तर माहिती छापता येते, पण माणसाचे वर्णन कसे करायचे हे दोघे मिळून ठरवतात. ‘डीप बॅकग्राउंड’मध्ये माहिती वापरायची, पण ती कोणाकडून आली याचा मागमूस ठेवायचा नाही. ‘ऑफ द रेकॉर्ड’ बोललेले छापायचेच नाही. प्रत्यक्षात या व्याख्या माणसागणिक थोड्या सरकतात आणि त्यावरून भांडणेही होतात.

वाचकाच्या दृष्टीने दुसरा करार सर्वांत महत्त्वाचा, कारण ‘वरिष्ठ अधिकारी’ किंवा ‘प्रकरणाची माहिती असलेली व्यक्ती’ ही वर्णने वाटाघाटीतून आलेली असतात आणि ती ऐकताना वाटतात त्यापेक्षा बरीच ढगळ असतात. सप्टेंबर २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ट्रम्प सरकारमधील एका ‘वरिष्ठ अधिकाऱ्या’चा निनावी लेख छापला. हा अधिकारी सरकारच्या आत राहून अध्यक्षांच्या काही निर्णयांना अटकाव करत असल्याचे त्यात लिहिले होते. कित्येक आठवडे तर्क चालले. संशय थेट उपाध्यक्षांपर्यंत पोहोचला. ऑक्टोबर २०२० मध्ये लेखक स्वतःच पुढे आला. ते होते गृहसुरक्षा खात्यातले माइल्स टेलर. हे नाव ऐकून अनेकांनी ‘कोण?’ असा प्रश्न केला. ‘वरिष्ठ’ हे विशेषण चुकीचे नव्हते, पण वाचकांनी मनातल्या मनात तो माणूस मंत्रिमंडळात नेऊन बसवला होता.

‘प्रकरणाची माहिती असलेली व्यक्ती’ या वर्णनात वकील, जनसंपर्क अधिकारी, सौद्यातली बँक, समोरचा पक्ष आणि नुकताच काढून टाकलेला माणूस असे सगळेच मावतात. बातमीत ‘कंपनीने प्रतिक्रिया देण्यास नकार दिला’ असे वाक्य असले म्हणून कंपनीतले कोणी वार्ताहराशी बोललेलेच नाही, असेही समजू नका. अधिकृत प्रतिक्रिया नाकारून नाव न छापण्याच्या अटीवर सविस्तर बोलणे हा तिथला रोजचा व्यवहार आहे.

३. ‘आजच का आणि कोणाच्या सोयीचे?’ हे दोन प्रश्न विचारा

बातमी खरी की खोटी हे आपल्याला घरबसल्या ठरवता येत नाही, पण ती आज बाहेर येण्याने कोणाचा फायदा होतो याचा अंदाज बांधता येतो. सांगणाऱ्याचे हेतू साधारण ठरलेले असतात. कोणी खडा टाकून पाहतो, म्हणजे निर्णयाची पुडी सोडून लोक किती चिडतात ते बघतो. कोणी वाटाघाटीत समोरच्यावर दडपण आणतो. कोणी स्पर्धकाचे नाव यादीत आधीच फोडतो, म्हणजे ते जळून जावे. कोणी पराभवाचे खापर आधीच दुसऱ्याच्या माथी फोडून ठेवतो. आणि काहींना खरोखरच गैरप्रकार उघड करायचा असतो.

इथे एक सापळा आहे आणि मी त्यात बराच काळ अडकून होते : हेतू स्वार्थी दिसला की माहिती खोटी मानायची. अध्यक्ष निक्सन यांना राजीनामा द्यायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणात वॉशिंग्टन पोस्टला दिशा दाखवणारा ‘डीप थ्रोट’ म्हणजे एफबीआयमधील दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी मार्क फेल्ट, हे २००५ मध्ये जाहीर झाले. १९७२ मध्ये एडगर हूव्हर यांच्या निधनानंतर संचालकपदी त्यांना डावलून बाहेरचा माणूस नेमला गेला होता. त्यांच्या मनात त्याचा सल किती होता यावर आजही वाद घालता येईल, पण त्यांनी दिलेली माहिती त्यामुळे खोटी ठरली नाही. हेतूवरून बातमीचा कोन कळतो. खरेखोटे कागदपत्रांवरून पाहायचे.

निनावी कुजबुजीबरोबरच नावानिशी केलेली विधानेही नीट ऐका, कारण पुष्कळदा खरी हालचाल उघड्यावरच होते. २७ जून २०२४ रोजी ट्रम्प यांच्याबरोबर झालेल्या वादविवादानंतर अध्यक्ष जो बायडन यांनी निवडणुकीतून माघार घ्यावी अशी कुजबुज सुरू झाली. ८ जुलै रोजी त्यांनी आपल्या पक्षाच्या खासदारांना पत्र लिहून आपण रिंगणातच राहणार असल्याचे कळवले. दोनच दिवसांनी त्यांच्याच पक्षाच्या ज्येष्ठ नेत्या नॅन्सी पेलोसी दूरचित्रवाणीवर म्हणाल्या की लढायचे की नाही हा निर्णय अध्यक्षांचा आहे, आणि त्यासाठी वेळ कमी उरला आहे. ज्याने निर्णय लेखी जाहीर केला आहे त्याला ‘आता निर्णय घ्या’ असे सांगणे याचा अर्थ काय, हे समजायला कोणत्याही सूत्राची गरज नव्हती. २१ जुलै रोजी बायडन यांनी माघार घेतली.

४. राजकारणातला पैसा स्वतः तपासा

‘देणगीदार नाराज आहेत’ हे वाक्य तुम्हाला दर आठवड्याला ऐकू येईल. नाराज देणगीदार किती आणि कोणते, हे एफईसीच्या नोंदींतून बऱ्याच अंशी पाहता येते. एका निवडणूक चक्रात एखाद्या उमेदवाराला २०० डॉलरपेक्षा जास्त देणाऱ्याचे नाव, व्यवसाय आणि नोकरी देणारी संस्था जाहीर होते. काँग्रेससाठी लढणाऱ्यांचे तिमाही अहवाल १५ एप्रिल, १५ जुलै, १५ ऑक्टोबर आणि ३१ जानेवारीपर्यंत येतात. या तारखांच्या आसपास ‘मोहिमेत जोर आला’ छापाच्या बातम्या वाढतात, तेव्हा अहवाल उघडून एकच गोष्ट पाहा : हातात शिल्लक किती? जमा झालेला आकडा मिरवण्यासाठी असतो, शिल्लक लढण्यासाठी.

सराव म्हणून श्री ठाणेदार यांचे नाव शोधा. बेळगाव भागात वाढलेले हे मराठी गृहस्थ २०२२ मध्ये मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून प्रतिनिधिगृहात निवडून आले आणि त्यांनी आपल्या मोहिमांत स्वतःचा पैसा मोठ्या प्रमाणावर घातला आहे. उमेदवाराने स्वतःच्या मोहिमेला दिलेले कर्ज अहवालात कसे दिसते, हे शिकायला त्यांच्या नोंदी उत्तम आहेत. मात्र २०१८ ची त्यांची गव्हर्नरपदाची मोहीम तुम्हाला तिथे सापडणार नाही. ती राज्याची निवडणूक होती आणि तिचे हिशेब मिशिगन राज्याच्या कार्यालयाकडे आहेत. एफईसीकडे फक्त संघीय निवडणुका येतात, हे न कळल्याने मी एकदा अर्धा दिवस घालवला आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालानंतर आलेल्या ‘सुपर पॅक’ नावाच्या राजकीय समित्यांना हवा तेवढा पैसा घेता येतो, पण उमेदवाराशी संगनमत करून खर्च करता येत नाही. त्यांचा खर्च निवडणुकीच्या तोंडावर २४ किंवा ४८ तासांत कळवावा लागतो. देणगीदारांची नावे मात्र नियमित अहवालातच येतात. म्हणून मतदानाच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत अचानक उगवलेल्या समितीमागे कोण होते, हे पुष्कळदा निकालानंतर उमगते. शिवाय काही ना-नफा संस्थांना देणगीदार जाहीर करावेच लागत नाहीत आणि त्यांच्याकडून सुपर पॅककडे पैसा गेला की नोंदीत संस्थेचे नाव दिसते, माणसाचे नाही. पाणी मुरते ते इथे.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी एक इशारा. नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर असाल आणि ग्रीन कार्ड नसेल, तर कोणत्याही पातळीवरच्या निवडणुकीसाठी देणगी देणे बेकायदा आहे. मंडळाच्या स्नेहभोजनात कोणी ‘तू पैसे दे, मी माझ्या नावाने भरतो’ असे म्हणाले, तर तोही गुन्हाच. मोबदला न घेता स्वयंसेवक म्हणून काम करायला हरकत नसते.

५. माध्यम कंपनीत मत कोणाचे ते पाहा

माध्यमांविषयीच्या चर्चेत नावे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची येतात, पण सत्ता मतदानाचा हक्क असलेल्या शेअरमध्ये असते. कंपनीच्या वार्षिक अहवालात आणि भागधारकांच्या सभेआधी निघणाऱ्या पत्रकात मालकीचा तक्ता असतो. तो आधी उघडा.

चित्रपट आणि वाहिन्यांच्या व्यवसायातल्या पॅरामाउंटचे उदाहरण घ्या. शारी रेडस्टोन यांच्या नॅशनल अ‍ॅम्युझमेंट्स या कौटुंबिक कंपनीकडे पॅरामाउंटच्या एकूण भांडवलापैकी साधारण १० टक्केच भाग होता, पण मतदानाच्या शेअरपैकी सुमारे ७७ टक्के तिच्या हाती होते. बाजारात बहुसंख्य लोकांकडे असलेल्या ‘ब’ वर्गाच्या शेअरला मतच नव्हते. त्यामुळे कंपनी कोणाला विकायची हा प्रश्न शेवटी एका घरात सुटणार होता. जून २०२४ मध्ये स्कायडान्स या चित्रपटनिर्मिती कंपनीबरोबरची बोलणी फिसकटल्याची बातमी आली आणि ती खरी होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तोच सौदा जाहीर झाला, तेही खरे होते. ज्यांनी जूनमध्ये ‘प्रकरण संपले’ असे ठामपणे सांगितले, त्यांना एका क्षणाची स्थिती शेवट वाटली. बोलणी ‘तुटणे’ ही कित्येकदा बोलण्यांचीच एक पायरी असते; घराची किंमत ठरवताना उठून निघालेला माणूस जिन्यातून परत येतो, तसे.

सौदा प्रत्यक्षात पुरा झाला ७ ऑगस्ट २०२५ रोजी. मधल्या काळात सरकारी मंजुरी हवी होती. पॅरामाउंटच्याच सीबीएस वाहिनीवरच्या एका मुलाखतीच्या संपादनावरून ट्रम्प यांनी लावलेला दावा पॅरामाउंटने जुलै २०२५ मध्ये १ कोटी ६० लाख डॉलर देऊन मिटवला आणि त्याच महिन्यात दळणवळण आयोगाची मंजुरी आली. या दोन घटनांचा संबंध आहे की नाही यावर दोन्ही बाजूंनी भरपूर बोलले गेले. नवख्या वाचकाने आधी तारखा एकाखाली एक लिहाव्यात आणि मग कोण काय म्हणतो ते ऐकावे.

कंपनीत महत्त्वाची घडामोड झाली की ‘आठ-के’ नावाचे निवेदन साधारण चार कामकाजाच्या दिवसांत दाखल करावे लागते. ‘सौदा पक्का’ असे कोणीही म्हणाले तरी मी त्या कागदाची वाट पाहते.

६. क्रीडाव्यवसायात एक खिडकी उघडी आहे, तिच्यातून पाहा

अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि जवळपास सगळे खासगी मालकीचे, म्हणजे हिशेब बंद. अपवाद फक्त विस्कॉन्सिनच्या ग्रीन बे पॅकर्सचा. हा संघ लाखो सामान्य भागधारकांचा आहे आणि दर उन्हाळ्यात आपला ताळेबंद जाहीर करतो. लीगचे राष्ट्रीय उत्पन्न सर्व संघांत समान वाटले जात असल्यामुळे एका संघाचा वाटा कळला की ३२ ने गुणायचे. मार्च २०२४ अखेरच्या वर्षात पॅकर्सना हा वाटा ४० कोटी २३ लाख डॉलर मिळाला, म्हणजे सगळ्यांचा मिळून सुमारे १,२८७ कोटी डॉलर. तिकीट विकण्याआधी प्रत्येक मालकाच्या खिशात एवढा पैसा येतो, हे एकदा कळले की ‘संघ तोट्यात आहे, शहराने स्टेडियमला मदत करावी’ या निनावी विलापाकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहाल.

हा पैसा मुख्यतः प्रक्षेपण हक्कांचा. २०२१ मध्ये एनएफएलने ११ वर्षांचे करार केले, त्यांची एकत्रित किंमत १०,००० कोटी डॉलरहून अधिक आहे. ३२ संघ एकत्र येऊन हक्क विकतात, तरी ते स्पर्धाविरोधी ठरत नाही, कारण १९६१ च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्याने तशी सवलत दिली आहे. ती सवलत काँग्रेसने दिली आणि काँग्रेस ती काढू शकते. लीगला खासदार हवेत, वाहिन्यांना लीग हवी, खासदारांना वाहिन्या हव्यात. राजकारण, माध्यमे आणि खेळ यांची चर्चा एकाच टेबलावर होते ती यामुळे.

हक्कांच्या वाटाघाटी चालू असताना येणाऱ्या बातम्या विशेष सावधपणे वाचा. एनबीएने जुलै २०२४ मध्ये डिस्ने, एनबीसी आणि अ‍ॅमेझॉन यांच्याशी ११ वर्षांचे सुमारे ७,६०० कोटी डॉलरचे करार केले आणि १९८० च्या दशकापासून एनबीए दाखवणाऱ्या टर्नर समूहाच्या हातून हे सामने गेले. टर्नरची मालक वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी, आपल्याला अ‍ॅमेझॉनच्या प्रस्तावाशी बरोबरी करण्याचा हक्क आहे, असे म्हणत न्यायालयात गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तडजोड झाली. बरोबरी करण्याच्या हक्काच्या त्या कलमाचा अर्थ काय, यावरच सगळा वाद होता. म्हणून ‘त्यांना काढता येणार नाही, कलम आहे’ असे कोणी सांगितले, तर कलमाचे शब्द कुठे वाचायला मिळतील ते विचारा.

सांगणाऱ्याचे हितसंबंधही पाहा. खेळाडूंच्या करारांच्या बातम्या पुष्कळदा एजंटांकडून येतात आणि एजंटाला बाजारभाव वाढवायचा असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये एनएफएलने ईएसपीएन या क्रीडावाहिनीत १० टक्के भागीदारी घेण्याचा करार जाहीर झाला. वाहिनीतले पत्रकार प्रामाणिक नसतात असे यातून निघत नाही, पण लीगविषयीची तिथली बातमी वाचताना हा आकडा डोक्यात असावा.

७. खटला उभा राहिला की कान टवकारा

आतल्या गोटात खरोखर काय बोलले जाते, हे शपथेवर आणि लेखी कळण्याची जागा न्यायालय आहे. डोमिनियन या मतदानयंत्र कंपनीने फॉक्स न्यूज या वाहिनीवर डेलावेअर राज्याच्या न्यायालयात बदनामीचा खटला भरला, तेव्हा २०२३ च्या सुरुवातीला वाहिनीतल्या नामवंत सूत्रसंचालकांचे आपापसातले संदेश दाखल कागदपत्रांतून बाहेर आले. २०२० च्या निवडणुकीतील गैरप्रकारांचे जे दावे पडद्यावर झळकत होते, त्यांवर त्यांतल्या काहींचा स्वतःचा विश्वास नव्हता. १८ एप्रिल २०२३ रोजी फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. इथला सापळा असा की वादी आपल्या सोयीची वाक्ये निवडून दाखल करतो, त्यामुळे त्याच अर्जावरचे प्रतिवादीचे उत्तरही उघडा. राज्य न्यायालयांतली प्रकरणे ‘पेसर’वर नसतात, हेही लक्षात असू द्या.

८. वही

प्रत्येक मोठ्या दाव्यासाठी एक ओळ : तारीख, दावा, सूत्राचे नेमके वर्णन, माझ्या अंदाजाने फायदा कोणाचा, आणि कोणता कागद आला की निकाल लागेल. तीन महिन्यांनी त्या ओळीसमोर खूण करायची. वर्षभरात कोणता वार्ताहर बहुधा बरोबर ठरतो आणि कोणता नुसत्या कंड्या पिकवतो, हे आपोआप दिसू लागते. ‘कधीतरी’, ‘शक्यता नाकारता येत नाही’ असल्या दाव्यांना मी वहीत जागा देत नाही, कारण ते कधीच चुकत नाहीत.

माझ्या वहीत सध्या सर्वांत गर्दी एकाच पानावर आहे. एनएफएलला बहुतेक प्रक्षेपण करारांतून २०२९ च्या हंगामानंतर बाहेर पडण्याची मुभा आहे. नव्या वाटाघाटी कधी सुरू होणार आणि कोण किती देणार, याविषयीच्या निनावी दाव्यांनी ते पान दोन्ही बाजूंनी भरले आहे. खुणेचा रकाना अजून कोरा आहे.